नायलॉनची तार आणि प्रकाशाचा पिकअप

“पिकअप कुठलाही असो, इलेक्ट्रिक गिटारला पोलादी तारच लागते,” हे म्हापशापासून मडगावपर्यंत वादकांच्या तोंडून मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा गिटारवरचा भाग. नेहमीच्या चुंबकी पिकअपपुरतं ते म्हणणं खरं आहे. त्यात चुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. नायलॉनची चुंबकाला दखलच नसते.

ऑप्टिकल पिकअपमध्ये मात्र चुंबकाचं कामच नाही. ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, इन्फ्रारेड एलईडी आणि प्रकाश टिपणारा सेन्सर, मध्ये तार. ती हलली की सेन्सरवरची सावली कमीजास्त होते. तोच बदल सिग्नल बनतो. सावली पडली की झालं, मग तार नायलॉनची असो वा पितळेची! आपल्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यात पोलादी तारा किती लवकर गंजतात ते आठवा, म्हणजे हे का सांगतोय ते कळेल. शिवाय वेढेच नसल्यामुळे ते घरातल्या विजेची जी ५० हर्ट्झची घरघर ओढून घेतात, तीही टळते.

एलईडीला वीज मात्र लागते. बॅटरी संपली की पिकअप मुका, म्हणून कार्यक्रमाला जाताना जादा सेल खिशात ठेवाच.