सोलरचा चार्ज कंट्रोलर निवडताना जानेवारीची पहाट धरा

नाशिक जिल्ह्यात थंडी म्हटली की निफाडचं नाव आधी येतं. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा कित्येकदा ५ अंशांच्या आसपास उतरतो आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच बागेच्या शेडवर सोलर प्लेटा आणि खाली बॅटऱ्या असतील, तर त्या पहाटेला आणखी एक नाजूक वस्तू सांभाळावी लागते. ती म्हणजे प्लेट आणि बॅटरीच्या मधे बसणारा, भिंतीवरचा चार्ज कंट्रोलर. दुकानात आपण ‘किती अँपिअरचा?’ एवढंच विचारतो. व्होल्टचा प्रश्न मात्र त्याच्याही आधी विचारायला हवा.

घराच्या छतावर नेट मीटरची, बॅटरी नसलेली सिस्टीम बसवली असेल, तर वेगळा चार्ज कंट्रोलर लागतच नाही. तिथे सगळं काम इन्व्हर्टर करतो. सौर कृषिपंपाचा कंट्रोलरही वेगळा, तो थेट मोटर चालवतो. हा लेख आहे तो बॅटरी असलेल्यांसाठी: मळ्यातलं घर, बिबट्याच्या भीतीने लावलेले कॅमेरे आणि दिवे, लाइट गेल्यावर चालणारा पंखा.

प्लेटेतून येणारी वीज उन्हाबरोबर क्षणाक्षणाला बदलते. बॅटरीला मात्र ठराविक व्होल्टेजलाच चार्जिंग लागतं. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढवायची आणि भरली की १३.५ ते १३.८ वर धरून ठेवायची, हे कंट्रोलरचं मुख्य काम. रात्री बॅटरीतला करंट उलटा प्लेटेकडे जाऊ न देणं, हे दुसरं.

बाजारात त्याचे दोन प्रकार मिळतात, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पीडब्ल्यूएम म्हणजे वेगाने चालू-बंद होणारा स्विच. तो प्लेट थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे प्लेटेचं व्होल्टेज बॅटरीच्या पातळीला खाली ओढलं जातं. जुन्या ३६ सेलच्या, १८ व्होल्टच्या प्लेटेला हे चालून जातं. पण आजची ५४० वॅटची प्लेट साधारण ४१.५ व्होल्ट आणि १३ अँपिअर देते. ती पीडब्ल्यूएमवरून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर १३ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे जेमतेम १७० वॅट पदरात पडतात. पैसे मोजले ५४० वॅटचे आणि दोन तृतीयांश वीज तिथेच गेली! एमपीपीटी प्लेटेला तिच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो, आत व्होल्टेज उतरवून त्याच प्रमाणात करंट वाढवतो आणि ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा बॅटरीपर्यंत पोचवतो. एक छोटी प्लेट आणि दोन दिवे एवढंच असेल, तर पीडब्ल्यूएम पुरतो. मोठ्या प्लेटेला एमपीपीटीच घ्या, तिथे काटकसर करू नका.

आता थंडीकडे येऊ. सिलिकॉनचा सेल जितका थंड, तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. दर अंशाला सुमारे ०.३ टक्के फरक पडतो. प्लेटेच्या मागच्या स्टिकरवरचे आकडे सेलचं तापमान २५ अंश धरून दिलेले असतात. त्यात ‘व्हीओसी’ म्हणून एक आकडा असतो, म्हणजे काहीही लोड नसतानाचं व्होल्टेज. ५४० वॅटच्या प्लेटेला तो ४९.५ च्या आसपास असतो. दोन प्लेटा सिरीजमध्ये जोडल्या की ९९ व्होल्ट. कंट्रोलरवर कमाल १०० व्होल्ट लिहिलेलं आहे, म्हणजे कागदावर सगळं बसतं. पण सेल ५ अंशांवर आला, की २० अंशांच्या फरकाने ६ टक्के वाढ होते आणि ९९ चे १०५ होतात.

कोवळ्या उन्हात कुठलं आलंय एवढं व्होल्टेज, असं वाटेल. करंट उन्हाच्या प्रमाणात वाढतो हे खरं, पण व्होल्टेज थोड्याशा उजेडातही बरंचसं वर पोचतं. त्यात निरभ्र रात्री प्लेट आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि पहाटे भोवतालच्या हवेपेक्षाही एखाद-दोन अंश गार होते. तिच्यावर दव साचतं ते म्हणूनच. ऊन चढू लागलं आणि प्लेट अजून तापलेली नाही, कंट्रोलरनेही चार्जिंग सुरू केलेलं नाही, तेव्हा हे सगळं व्होल्टेज त्याच्या आतल्या ट्रान्झिस्टरवर येतं. करंट जास्त झाला तर चांगला एमपीपीटी आपणहून आवरतं घेतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं, तर कंट्रोलर जळू शकतो. म्हणून अशा जोडणीला १५० व्होल्टचा कंट्रोलर घ्यावा. बॅटरी २४ व्होल्टची असेल तर प्लेटा पॅरलल जोडूनही भागतं, फक्त करंट दुप्पट होतो आणि वायर जाड लागते.

अँपिअरचा हिशोब त्यामानाने सोपा. प्लेटांचे एकूण वॅट भागिले बॅटरीचं व्होल्टेज. १०८० वॅटला २४ व्होल्टवर साधारण ४५ अँपिअर येतात, तेव्हा ५० चा घ्या. पण बॅटरीला झेपेल का, तेही पाहा. ट्यूब्युलर बॅटरीला तिच्या अँपिअर-अवरच्या, म्हणजे साठवण क्षमतेच्या आकड्याच्या, दहाव्या हिश्श्याइतका करंट मानवतो, म्हणजे १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १५ अँपिअर. मोठ्या कंट्रोलरमध्ये ही मर्यादा सेटिंगमधून घालता येते.

याच जिल्ह्यात मालेगावला मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी तापली असताना तिला १४.४ व्होल्ट देत राहिलं, तर पाणी लवकर आटतं आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.०२४ व्होल्ट कमी द्यावे लागतात. बॅटरी ४० अंशांवर असेल तर १४.४ ऐवजी १४ च्या आसपास. हे कंट्रोलरने आपोआप करावं म्हणून त्याच्यासोबत वायरवाला तापमान सेन्सर येतो. तो बॅटरीच्या अंगाला चिकटवायचा असतो, पण पुष्कळ ठिकाणी खोक्यातच राहून जातो. लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर ही सोय बंद ठेवायची आणि तिच्या कंपनीने दिलेलेच व्होल्ट भरायचे.

आणखी एक सावधगिरी. स्वस्तातल्या कित्येक डब्यांवर एमपीपीटी छापलेलं असतं आणि आत निघतो पीडब्ल्यूएम. ओळखायचं कसं? बॅटरी अर्धी रिकामी असताना, भर दुपारी डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचा मीटर) आधी प्लेटेच्या वायरवर लावा, मग बॅटरीच्या वायरवर. ५४० वॅटच्या प्लेटेकडून १२ अँपिअर येतायत आणि २४ व्होल्टच्या बॅटरीकडे १७-१८ जातायत, तर तो खरा एमपीपीटी. दोन्हीकडे १२ च दिसले, तर बिल घेऊन दुकान गाठा. कंट्रोलर सोडवताना आधी प्लेटेची वायर काढा, मग बॅटरीची; नवा जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट.