मांडीवरचे खड्डे अन् गादीचे टाके

दिवाळीत भाची घरी आली होती, अमरावतीला कॉलेजात शिकते, एकोणीस वर्षांची, अंगानं एकदम काडी. रात्री सगळे झोपल्यावर हळूच म्हणे, "आत्या, मांडीवर हे खड्डे कायचे पडले? मी तं जाडी बी नाई." बॅगेत क्रीमची ट्यूब होती, मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेली, मेसचे पैसे वाचवून. मला फार वाईट वाटलं, कारण हा आजारच नाही. याला सेल्युलाइट म्हणतात आणि वयात आलेल्या 100 पैकी 80 ते 90 बायकांना तो कमी-जास्त असतोच, फक्त कोणी कोणाला दाखवत नाही म्हणून प्रत्येकीला वाटतं की हे माझंच काहीतरी बिघडलंय.

सकाळी उन्हात टाकलेली गादी मी तिला दाखवली. घरच्याच कापसाची, पिंजाऱ्यानं भरून दिलेली. तो लांब दाभण वरून खाली आरपार घालतो, जाड सूत कचकन ओढतो अन् गाठ मारतो, जिथं टाका तिथं गादी खाली दबते आणि दोन टाक्यांच्या मधला कापूस वर फुगतो. कातडीखाली अगदी असंच आहे. चरबी छोट्या छोट्या पुडक्यांत असते, पुडक्यांच्या मधून कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे जातात, वरून कातडीला बांधलेले, खालून स्नायूवरच्या आवरणाला. चरबी वर ढकलते, धागा खाली ओढतो, झाला खड्डा.

मग पुरुषांना का नाही होत? 1978 मध्ये न्यूर्नबर्गर आणि म्युलर या संशोधकांनी कातडीचे नमुने तपासून सांगितलं की बायकांमध्ये हे धागे बहुतेक उभे असतात, पुरुषांमध्ये तिरपे, एकमेकांत गुंतलेले, खाटेच्या विणीसारखे, त्यात पुरुषांची कातडीही जाड, म्हणून चरबीला वर डोकवायला जागाच मिळत नाही. बाकी बायकांच्या अंगातलं इस्ट्रोजेन हार्मोन, आईकडून-बापाकडून आलेली ठेवण आणि वयानुसार पातळ होणारी कातडी, हे सगळं त्यात भर घालतं. म्हणून बारीक पोरीलाही होतो.

आता इलाज एवढा अवघड का, तर टाका खोल आहे आणि क्रीम वरच राहतं. कॅफिनवाल्या क्रीमनं किंवा मालिशनं थोडा वेळ कातडी गुळगुळीत दिसते, मग पुन्हा जैसे थे. वजन उतरवलं तर कापूस कमी होतो, टाका तसाच, उलट कातडी सैल पडली तर खड्डे जास्तच उठून दिसू शकतात. लायपोसक्शनचं, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढण्याचंही तेच. टाकाच कापायचा तर डॉक्टर जागा बधिर करून कातडीखाली बारीक सुई किंवा पातं घालून धागा तोडतात, त्याचा परिणाम बराच टिकतो, पण ते निवडक खोल खड्ड्यांसाठी, अख्ख्या मांडीसाठी नाही. धागा विरघळवणारं एक इंजेक्शन अमेरिकेत जुलै 2020 मध्ये मंजूर झालं होतं, पण कातडी काळी-निळी पडायची, डाग राहायचे, त्यामुळे 2022 च्या शेवटी कंपनीनंच ते बंद केलं.

एक गोष्ट मात्र मी तिला दोनदा सांगितली. नाव सारखं असलं तरी सेल्युलायटिस वेगळा. पायात काटा मोडला, निंदणात विळा लागला, आणि तिथं कातडी लाल, गरम, सुजलेली, दुखरी झाली, लाली पसरायला लागली, ताप आला, तर तो जंतूंचा संसर्ग आहे, त्याला अँटिबायोटिक लागतं. तेव्हा हळद लावून बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.