आठवडे बाजार

ठरलेल्या वारी गावात किंवा कसब्यात भरणारा किरकोळ खरेदी-विक्रीचा बाजार. शेजारच्या गावांचे वार सहसा एकावर एक येत नाहीत. पुणे जिल्ह्यात बेल्ह्याचा सोमवार व चाकणचा शनिवार जनावरांसाठी, तर गोव्यात म्हापशाचा शुक्रवार प्रसिद्ध आहे.

बाजार रोज न भरता ठरावीक दिवसांनीच का भरतो, याविषयी मतभेद आहेत. भूगोलज्ञ जे. एच. स्टाइन यांनी १९६२ मध्ये कोरियातील बाजारांवरून मांडलेल्या उपपत्तीनुसार, धंदा तगण्यापुरते गिऱ्हाईक जेवढ्या परिघात विखुरलेले असते तेवढ्या लांबून ते येत नाही. म्हणून विक्रेताच गावोगाव फिरतो. ब्रॉमली, सिमान्स्की व गुड या भूगोलज्ञांचा (१९७५) आक्षेप असा, की पुष्कळ विक्रेते मुळात उत्पादकच असतात आणि शेतीची कामे सांभाळून त्यांना विक्रीला एखादाच दिवस काढता येतो. तो दिवस कोणता, हे बरेचदा रूढ कालगणनेवर ठरते. चीनमध्ये दहा दिवसांच्या, तर पश्चिम आफ्रिकेत काही ठिकाणी चार दिवसांच्या चक्राने बाजार भरत, हे या मताला पोषक आहे. महाराष्ट्रात कापड, बांगड्या, मसाला विकणारे फिरस्ते स्टाइन यांच्या चौकटीत बसतात. स्वतःच्या मळ्यातला माल विकणाऱ्या बायका मात्र त्या चौकटीत बसत नाहीत.

मराठा काळात पेठेच्या बाजाराची व्यवस्था शेटे व महाजन या वतनदारांकडे असे. प्रथा बहुधा त्याहून जुनी असावी. आता ग्रामपंचायत बाजार फी घेते, अनेक ठिकाणी वसुलीचा ठेका लिलावाने देते. शेतमजुरांचा आठवड्याचा पगार बाजाराच्या दिवशी चुकता करण्याची रीत बऱ्याच भागांत आहे. सोयरिकीची बोलणी, निरोप, उधारीची वसुलीही तेथेच होते.

आहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा माल म्हणजे ताज्या पालेभाज्या (साठवणीत त्यांतील क जीवनसत्त्व घटते) आणि पावसाळ्यातील टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी या रानभाज्या. शेवळ या रानभाजीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने घसा खाजतो. ठाणे-पालघरकडे शेवळांबरोबर काकड या रानझाडाची आंबट फळे विकायला असतात, ती ही खाज मोडण्यासाठीच.

महाराष्ट्रात फळे व भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, म्हणजे तेथील विक्रीवर समितीचे नियंत्रण उरले नाही. शहरांतील शेतकरी आठवडे बाजारांना राज्य कृषी पणन मंडळाने चालना दिली आहे. मात्र ते मुख्यतः भाजीपाल्याचेच बाजार आहेत.