विजेवरचा पिकअप आणि ३९,९७४ डॉलरचे आश्वासन

फोर्डने १९ मे २०२१ रोजी एफ-१५० लाइटनिंग हा विजेवर चालणारा पिकअप सादर केला, तेव्हा त्याच्या सर्वांत साध्या, कामाच्या आवृत्तीची किंमत ३९,९७४ डॉलर सांगितली होती. १९७७ पासून अमेरिकेत ट्रकविक्रीत फोर्डच्या पिकअपची एफ-मालिकाच आघाडीवर असल्याने, १०० डॉलरच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर सुमारे २ लाख लोकांनी नावे नोंदवली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने निव्वळ बॅटरीवरचा हा ट्रक बंद करत असल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे पिकअप म्हटले की भाजीचे क्रेट भरून बाजार समितीकडे निघालेली गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतला पूर्ण आकाराचा पिकअप मात्र बांधकाम कंत्राटदाराचा तसाच उपनगरातल्या कुटुंबाचाही असतो, आणि सुटीच्या दिवशी मागे बोट किंवा फिरते घर जोडून तो शेकडो मैल नेता यावा, अशी मालकाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो तसा किती वेळा नेला जातो, हा प्रश्न वेगळा.

कॅलिफोर्नियाच्या हवा नियामक मंडळाने १९९० मध्ये धूरविरहित गाड्यांची सक्ती केली, तेव्हाच्या विद्युत ट्रकांवर या अपेक्षेचे ओझे नव्हते. शेव्हरोलेचा विजेवरचा एस-१० जेमतेम ४९२ तयार झाला, फोर्डचा रेंजर १९९८ ते २००२ या काळात बहुतांशी भाडेकराराने दिला गेला, आणि दोन्हींचे ग्राहक मुख्यतः वीज कंपन्या व सरकारी खाती होती. नियम पाळल्याची नोंद होण्यापुरतेच ते ट्रक होते.

सर्वसामान्य ग्राहकाला ट्रक विकायचा ठरल्यावर मात्र ओढण्याचा प्रश्न टाळता येईना, कारण मोठा ट्रेलर जोडला की एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर साधारण निम्म्यावर येते. जनरल मोटर्सने यावर बॅटरीच वाढवली. तिच्या हमर ईव्हीची बॅटरी २०० किलोवॅट-तासांहून मोठी आणि गाडीचे वजन ४ टनांच्या पुढे. अशा वजनाच्या गाडीची धडक छोट्या गाडीला किती महागात पडेल, ही चिंता अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी जानेवारी २०२३ मध्ये जाहीरपणे मांडली.

फोर्डने वेगळा हिशेब केला. पेट्रोलच्या एफ-१५० चीच केबिन आणि हौदा ठेवून खाली ९८ किंवा १३१ किलोवॅट-तासांची बॅटरी बसवल्याने ट्रक लवकर बाजारात आला आणि जुन्या ग्राहकाला तो परका वाटला नाही. पण उंच, चौकोनी धडाला हवेचा विरोध मोठा, म्हणून बॅटरीही मोठी, आणि किंमत तिच्याशी बांधलेली. विक्रीचा भर मग ओढण्यापेक्षा ९.६ किलोवॅट वीज बाहेर देण्याच्या सोयीवर दिला गेला. त्याआधी तीनच महिने टेक्सासात हिमवादळाने वीज गेली असताना हायब्रिड एफ-१५० वर लोकांनी घरे चालवली होती, त्यामुळे ही जाहिरात पोकळ नव्हती.

पोकळ ठरली ती किंमत. बॅटरीचा कच्चा माल महागला तशी मूळ आवृत्ती ऑगस्ट २०२२ मध्ये ४६,९७४ आणि मार्च २०२३ मध्ये ५९,९७४ डॉलरवर गेली, वर काही वितरकांनी आपली भर घातली. जुलै २०२३ मध्ये ती ४९,९९५ वर आणली, तोवर कंत्राटदाराने जुनाच ट्रक चालवायचे ठरवले असावे, असे माझे मत आहे. टेस्लाचीही कथा निराळी नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ३९,९०० डॉलरला जाहीर झालेला सायबरट्रक चार वर्षांनी आला, तेव्हा त्याच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीची किंमत ६०,९९० होती. त्याचा जाड स्टेनलेस पत्रा नेहमीच्या साच्यात दाबून वळवणे अवघड, म्हणून त्याला सपाट पृष्ठभाग आले. टेस्लाला वितरक नाहीत, पण टेक्सासात उत्पादकाच्या थेट विक्रीला कायद्याने बंदी असल्याने ऑस्टिनमध्ये बनलेला ट्रक तिथल्याच ग्राहकाला परराज्यातल्या व्यवहाराने घ्यावा लागतो.

विजेवरच्या गाडीच्या खरेदीवर मिळणारी ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. त्याच महिन्यात रॅम या पिकअप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपला पूर्ण विजेवरचा मोठा पिकअप रद्द केला. फोर्डच्या पुढच्या लाइटनिंगमध्ये बॅटरी चार्ज करण्यासाठी इंजिन असेल. निव्वळ विजेवरचा ट्रक कंपनी आता मध्यम आकारात, लहान बॅटरीवर, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात बनवणार असून २०२७ साठी तिने सांगितलेली किंमत सुमारे ३०,००० डॉलर आहे.