ओसाकाचा किल्ला: मनोऱ्याकडे पळण्याआधी एवढे वाचा

प्रत्येक गटात कोणीतरी विचारतेच, “किल्ल्यात लिफ्ट? म्हणजे खोटाच की!” मनोरा १९३१ सालचा आहे, काँक्रीटचा, ओसाकाकरांच्या वर्गणीतून उभा राहिलेला. पण नुसता मनोरा म्हणजे किल्ला नव्हे, हे सह्याद्री पालथा घालणाऱ्यांना आम्ही काय सांगावे!

तरी मनोरा दिसला की निम्मी मंडळी तिकिटाच्या रांगेत पळतात. तास तिथेच जातो, बाकीचे ताटकळतात आणि खंदक-दरवाजे धावतपळत उरकावे लागतात. कृपा करून पळू नका. मनोऱ्याची तिकिटे आम्ही आधीच काढलेली असतात. मनोरा शेवटीच.

“उत्तरेकडून चटकन आत जाता येते, मग दक्षिणेचा वळसा कशाला?” हीही नेहमीची तक्रार. उत्तरेला नदी, पूर्वेला त्या काळी दलदल. सपाट, चढाईजोगी जमीन काय ती दक्षिणेलाच. जपान एकसंध करणाऱ्या हिदेयोशीने १५८३ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याची दुबळी बाजू हीच. त्याच्यानंतर किल्ला त्याचा मुलगा हिदेयोरी याच्याकडे होता. १६१४ च्या हिवाळ्यात देशाची सत्ता हाती आलेल्या तोकुगावा इएयासूने वेढा घातला, तेव्हा हिदेयोरीच्या बाजूने लढणाऱ्या सानादा युकिमुराने दक्षिणेलाच खंदकाबाहेर ‘सानादामारू’ हा मातीचा पडकोट उभारला आणि तिथे हल्लेखोरांची दाणादाण उडवली. किल्ला काही पडेना. मग तोफांचा भडिमार, पाठोपाठ तह. तहानंतर इएयासूच्या माणसांनी बाहेरचे खंदक तर बुजवलेच, आतलेही सोडले नाहीत. फक्त बालेकिल्ल्याचा खंदक उरला. १६१५ च्या उन्हाळ्यात इएयासू परत आला, तेव्हा हिदेयोरीच्या फौजेला उघड्या मैदानात लढावे लागले. सानादा पडला, किल्ला जळाला, हिदेयोरी आणि त्याची आई योदो-दोनो यांनी आत्महत्या केली. आमच्या मते किल्ला हरला तो तहात.

आज दिसतात ते तट आणि खंदक १६२० नंतर तोकुगावांनी उभारलेले. हिदेयोशीचा किल्ला त्यांनी मातीखाली गाडला. दगडांवर सरदारांच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्या आमचा मराठी बोलणारा गाईड दाखवतो. साकुरा दरवाजाच्या आत ‘ताको-इशी’ ही शिळा आहे, वजन अंदाजे १०८ टन. पळणाऱ्यांनी तिला पाठ लावून फोटो काढलेत, शिळा मात्र पाहिलेली नसते!

सानादामारूच्या परिसरातले सांको देवस्थान इतर सहलींत सहसा नसते. आमच्याकडे ते अर्ध्या दिवसाच्या फेरीतच येते, वेगळे पैसे नाहीत. चालणे बरेच आहे, बूट घाला.