धावण्याचा हिशोब धावण्यात सापडत नाही

११ नोव्हेंबर २०२३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर स्टेडियमवर मिशिगन आणि पेन स्टेट या विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. मिशिगनचे मुख्य कोच जिम हार्बॉ निलंबित होते आणि त्यांच्या जागी शेरॉन मूर उभे होते. अधिकृत नोंदीप्रमाणे त्या दिवशी मिशिगनच्या शेवटच्या सलग ३२ चाली रनच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या होत्या. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, जे. जे. मॅकार्थीने अख्ख्या सामन्यात फक्त ८ पास फेकले. एकूण ४६ रन, २२७ यार्ड, आणि मिशिगन २४-१५ ने जिंकलं.

तेव्हापासून या सामन्याचा दाखला एकाच कामासाठी दिला जातो: बघा, आधी रन बसवायचा असतो, रन बसला की समोरचा मोडतो आणि सामना जिंकता येतो. अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलंही पहिल्याच सीझनमध्ये हे वाक्य शिकून येतात. मला हा खेळ मनापासून आवडतो आणि संख्याशास्त्रही, म्हणून हे वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. एखाद्या कॉलेज संघाचा रन गेम चांगला आहे की नाही, आणि चाली निवडणारा कोच शहाणा आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

खेळ थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. या प्रयत्नाला डाउन म्हणतात. १० यार्ड झाले की पुन्हा ४ डाउन. पुढे जायचे मार्ग दोन: चेंडू घेऊन पळा, नाहीतर पुढे फेका. पळणं सुरक्षित, पण थोडं थोडं. फेकण्यात एकदम मोठी मजल मारता येते, पण पास जमिनीवर पडू शकतो किंवा विरोधकाच्या हाती लागू शकतो.

रन गेम मोजायचा सर्वांत जुना आकडा म्हणजे दर रनमागे सरासरी यार्ड. तो किती फसवा आहे हे मिशिगनच्याच दुसऱ्या सामन्यात दिसतं. ८ जानेवारी २०२४ च्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात मिशिगनने वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवलं. ३८ रन, ३०३ यार्ड, म्हणजे सरासरी जवळजवळ ८. हा आकडा बघून वाटेल की प्रत्येक रनला ८ यार्डांची वाट मोकळी होती. पण त्यातले तीन रन बाजूला काढा: डोनोव्हन एडवर्ड्सचे ४१ आणि ४६ यार्डांचे, ब्लेक कोरमचा ५९ यार्डांचा. या तिन्ही रनचे मिळून १४६ यार्ड होतात. उरलेल्या ३५ रनमध्ये १५७ यार्ड, म्हणजे सरासरी साडेचार. एडवर्ड्सच्या नावावर सहा रनमध्ये १०४ यार्ड आहेत. दोन मोठे सोडले तर चार रनमध्ये १७.

मोठे रन नशिबाचे होते असं मी म्हणत नाही. एडवर्ड्सचे ते दोन्ही रन थेट गोलरेषेपार गेले, म्हणजे टचडाउन झाले, आणि सामना तिथेच झुकला. मुद्दा एवढाच की "मोठी धाव कधीतरी सुटते" आणि "दर वेळी चार-पाच यार्ड हमखास मिळतात" हे दोन वेगळे गुण आहेत आणि सरासरी त्यांना एकाच आकड्यात कालवून टाकते. तिसऱ्या डाउनला दोन यार्ड हवे असताना कोचला दुसरा गुण लागतो.

कॉलेज फुटबॉलमध्ये आणखी एक घोळ आहे. पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं तर त्याला सॅक म्हणतात. व्यावसायिक लीगमध्ये सॅकचं नुकसान पासच्या खात्यात जातं, कॉलेजमध्ये रनच्या. समजा रनिंग बॅक मंडळींनी, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यांनी, ३६ रनमध्ये १८० यार्ड काढले, सरासरी ५. क्वार्टरबॅक ४ वेळा पडला आणि २८ यार्ड गेले. नोंदीत दिसणार ४० रन, १५२ यार्ड, सरासरी ३.८. पासची चाल फसली, बदनाम झाला रन. कॉलेज संघाचा रन गेम जोखायला बसलात तर सगळ्यात आधी सॅक वेगळे काढा, आणि सामना संपवताना क्वार्टरबॅक गुडघा टेकतो ते "रन"ही.

मग सरासरीऐवजी काय? एक सोपं माप म्हणजे यशाचं प्रमाण. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या अंतरापैकी निम्मं मिळालं, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, तर चाल यशस्वी. यात २ यार्डांचा रन कधी यश असतो आणि ८ यार्डांचा रन कधी अपयश. याहून खोल माप म्हणजे अपेक्षित गुण: मैदानावर अमुक ठिकाणी चेंडू असताना पुढे सरासरी किती गुण होतात ते आधी काढायचं, आणि चालीमुळे त्यात किती फरक पडला ते बघायचं. या कल्पनेवरचा पायाभूत शोधनिबंध १९७१ चा आहे, आणि त्याचा एक लेखक व्हर्जिल कार्टर स्वतः सिनसिनाटीच्या व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक होता. रॉबर्ट मॅकोल यांच्याबरोबर त्याने १९६९ च्या सीझनच्या चाली गोळा करून दाखवलं की स्वतःच्या गोलरेषेला चिकटून चेंडू मिळाला तर अपेक्षित गुण चक्क ऋण असतात, म्हणजे पुढचे गुण विरोधकाला मिळण्याचीच शक्यता जास्त.

इथवर आपण रनला एकटं धरून मोजत होतो. पण रन एकटा मोजताच येत नाही, आणि मला या खेळातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट इथेच आहे.

क्रिकेटमध्ये बुमराचा स्लोअर बॉल घ्या. तो एकटा टाकला तर साधा हळू चेंडू आहे. फलंदाज चकतो कारण त्याने यॉर्करची तयारी केलेली असते. रन आणि पासचं नातं असंच आहे, आणि ते गणितात मांडता येतं.

आकडे मी समजुतीसाठी घेतलेले आहेत. बचाव करणारा संघ दोनपैकी एक तयारी करू शकतो: रन रोखायला माणसं पुढे दाटीने उभी करायची, किंवा पास रोखायला मागे पसरायची. दाटीविरुद्ध रन ३० टक्के वेळा यशस्वी होतो, पसरलेल्या बचावाविरुद्ध ६० टक्के. पास उलट: दाटीविरुद्ध ७०, पसरलेल्याविरुद्ध ४०. आता बचाव दर १०० वेळांपैकी किती वेळा दाटी करेल? त्या प्रमाणाला द म्हणू. रनचं यश होतं ६० − ३०द आणि पासचं ४० + ३०द. यातलं एक दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर आक्रमण तेच वापरत राहील, म्हणून शहाणा बचाव दोन्ही सारखे होतील असा द निवडतो. ६० − ३०द = ४० + ३०द, म्हणजे द = १/३, आणि दोन्हीचं यश ५० टक्के. हेच गणित आक्रमणाच्या बाजूने केलं तर उत्तर येतं: निम्म्या वेळा रन, निम्म्या वेळा पास. अशा खेळात समतोल, म्हणजे आपली वाटणी बदलून कुणालाच फायदा होत नाही अशी स्थिती, असतोच, हे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलं.

आता एक बदल करू. संघाने रनला हात न लावता फक्त पास सुधारला. नवा क्वार्टरबॅक आला आणि पसरलेल्या बचावाविरुद्ध पासचं यश ४० वरून ५० झालं. रनचं समीकरण तेच, ६० − ३०द. पासचं झालं ५० + २०द. दोन्ही सारखे करा: द = १/५, यश ५४ टक्के. बचाव आता पासला घाबरून दाटी कमी करतो, आणि त्यामुळे रनचं यशही ५० वरून ५४ वर जातं! लाइनमन, म्हणजे पुढे उभे राहून बचावाला अडवणारे, तेच, रनिंग बॅक तोच. सीझन संपल्यावर लोक म्हणणार, यंदा रन गेम सुधारला, लाइनच्या कोचचा पगार वाढवा. आक्रमणाची वाटणीही बदलते: नव्या समतोलात रनचा वाटा ५० वरून ४० टक्क्यांवर येतो. रन कमी केला आणि तो जास्त चालू लागला.

उलट बाजू बघा. पुन्हा मूळ आकड्यांवर या आणि या वेळी लाइन सुधारा: दाटीविरुद्धचा रन ३० वरून ४०. रन ६० − २०द, पास ४० + ३०द, द = २/५, दोन्हीचं यश ५२. म्हणजे १० टक्क्यांच्या खऱ्या सुधारणेपैकी रनच्या आकड्यात २ दिसतात आणि तेवढेच २ पासच्या आकड्यात जाऊन बसतात, कारण बचाव जास्त दाटी करायला लागला. कागद-पेन घेऊन हे एकदा करून बघाच. एकट्या रनच्या आकड्यावरून रनिंग बॅकला डोक्यावर घेणं किंवा लाइनला शिव्या देणं किती धोक्याचं आहे ते हाताला कळतं.

यातून चाली निवडणाऱ्याची एक कसोटीही मिळते. त्याची वाटणी बरोबर असेल तर एकाच परिस्थितीत रन आणि पास यांची किंमत सारखी यायला हवी. एक कायम सरस ठरत असेल तर तो ती चाल कमी वापरतोय. शिवाय क्रमात ओळखता येण्याजोगा साचा नको. केनेथ कोव्हॅश आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी २००९ मध्ये व्यावसायिक लीगच्या सव्वा लाखाहून अधिक चाली तपासल्या. त्यांना दिसलं की संघ पास गरजेपेक्षा कमी वापरतात, आणि शिवाय चाली आलटूनपालटून देतात: रन फसला की पुढचा पास, पास फसला की पुढचा रन. खरोखर यादृच्छिक निवडीत इतकी अदलाबदल नसते, आणि बचावाला हा साचा वाचता येतो. लीग व्यावसायिक होती, पण हीच सवय शनिवारच्या कॉलेज सामन्यांतही शोधण्याजोगी आहे.

मग सलग ३२ रन ही तर समतोलाची पायमल्लीच? नाही. समतोल दोन्हींच्या मिश्रणात असतो तो दाटीविरुद्ध पास सरस असेल तेव्हाच. दाटी दिसत असतानाही रनची किंमत पासपेक्षा जास्त असेल तर मिश्रणाची गरजच नाही, सतत रन हेच उत्तर. आणि किंमत यार्डांत मोजायची नसते, जिंकण्याच्या शक्यतेत मोजायची असते. मध्यंतराला मिशिगन १४-९ ने पुढे होतं. पेन स्टेटचा पास-रश, म्हणजे क्वार्टरबॅकवर तुटून पडणारी फळी, देशातल्या उत्तम फळ्यांपैकी होती. त्यांचं स्वतःचं आक्रमण मात्र अडलेलं होतं: त्यांच्या ड्रू अलारचे त्या दिवशी २२ पैकी १० पास पूर्ण झाले आणि यार्ड मिळाले फक्त ७०. अशा वेळी मिशिगन हरू शकतं ते स्वतःच्या चुकीनेच, इंटरसेप्शनने, म्हणजे पास विरोधकाच्या हाती लागून, किंवा सॅकमध्ये चेंडू सुटून.

त्यात घड्याळ आहे. अपुरा पास पडला की घड्याळ थांबतं. मैदानाच्या आत संपलेल्या रननंतर ते चालू राहतं आणि पुढची चाल सुरू करायला ४० सेकंद मिळतात. त्याच २०२३ च्या सीझनपासून कॉलेजमध्ये प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून फर्स्ट डाउनला, म्हणजे १० यार्ड पूर्ण होऊन नवे ४ डाउन मिळाल्यावर, घड्याळ थांबवणं बंद झालं. म्हणजे विरोधकाकडे टाइमआउट (घड्याळ थांबवून घ्यायची सवलत) नसेल तर तीन रन म्हणजे साधारण दोन मिनिटं, आणि हातात चेंडू तो तोच. ५ गुणांची आघाडी असताना ३ यार्डांचा रन यार्डांच्या तराजूत हलका असेल, जिंकण्याच्या तराजूत जड असतो. मूर यांचा निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो, पण तो त्या स्कोअरला, त्या विरोधकापुढे. तेच १४ गुणांनी मागे असताना केलं असतं तर ती घोडचूक ठरली असती.

आणि "जास्त रन करणारे जिंकतात" या आकडेवारीचं गुपितही हेच. जे पुढे असतात ते घड्याळ संपवायला रन करतात. जिंकत आहेत म्हणून रन वाढतात, आणि समालोचक वर्षानुवर्षं ते उलटं वाचून दाखवतात. "मोमेंटम", म्हणजे सामन्याचा ओघ एका संघाकडे वळणं, या गोष्टीचंही तसंच. मांजर आडवं गेलं आणि काम फिसकटलं की ते जन्मभर लक्षात राहतं, आणि काम झालं की मांजर कुणाला आठवत नाही. तिसऱ्या डाउनचा फसलेला रन प्रेक्षकांच्या मनात असाच घर करतो. मिशिगनकडून हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पेन स्टेटने आपल्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला, म्हणजे आक्रमणाच्या चाली ठरवणाऱ्या कोचला, माइक युरसिच यांना, कामावरून काढलं. त्या निर्णयामागे इतर कारणं असतीलही, पण कुणाही कोचला एका शनिवारवरून जोखणं संख्याशास्त्राला धरून नाही. एका सामन्यात समजा ४० रन झाले आणि ४५ टक्के यशस्वी ठरले. या आकड्याची प्रमाण त्रुटी सुमारे ८ टक्के येते. म्हणजे ३७ टक्क्यांचा सुमार संघ आणि ५३ टक्क्यांचा तगडा संघ, दोघेही एखाद्या दिवशी ४५ दाखवू शकतात. पूर्ण सीझनचे ५०० रन घेतले तर त्रुटी सव्वादोन टक्क्यांवर येते. तेव्हा कुठे बोलायला जागा होते.

तरीही एक अडचण उरते, आणि ती दिवसेंदिवस मोठी होत चालली आहे. आजकाल कॉलेज संघांच्या बऱ्याच चाली आरपीओ (रन-पास ऑप्शन) असतात: कोच एकच चाल पाठवतो, तिच्यात रन आणि पास दोन्ही असतात, आणि एका ठरावीक बचावपटूचा पाय कुठे वळला हे बघून क्वार्टरबॅक अर्ध्या सेकंदात एक निवडतो. नोंदवहीत मात्र जे घडलं तेवढंच लिहिलं जातं, रन किंवा पास. कोचने मागितलं काय होतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. अशा संघाच्या कोचने किती वेळा रन "निवडला" हे आकड्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक चालीचा व्हिडिओ थांबवून स्नॅपच्या क्षणी, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होताना, पुढे किती बचावपटू दाटीत होते ते मोजायचं आणि लाइनमन रनसाठी पुढे सरकले की पाससाठी मागे, ते बघायचं. काम कंटाळवाणं आहे, पण रन गेमबद्दल ठामपणे बोलायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते.