शंभर टक्के समाधान मोजायचं कसं?

कोल्हापुरात फ्लेक्सला तोटा नाही. वाढदिवस, निवडी, पैलवानांची अभिनंदनं. त्या गर्दीत राजारामपुरीत परवा एक नवाच दिसला: ‘चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांवर इंजेक्शन. शंभर टक्के समाधान!’ सोबतचा मित्र म्हणाला, “समाधान काय मोजायची गोष्ट हाय व्हय?” हाय की! फक्त ते फ्लेक्सवाल्यांच्या पद्धतीनं मोजता येत नाही.

आधी इंजेक्शनाबद्दल थोडक्यात. बोटॉक्स म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं विष, अत्यल्प मात्रेत. मज्जातंतूच्या टोकाशी स्नॅप-२५ नावाचं प्रथिन असतं, ते हे विष कापतं. मग ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन बाहेर पडत नाही, स्नायूला आवळण्याचा निरोप पोचत नाही आणि भुवयांमधली आठी सैल पडते. तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. (कपाळावरच्या रेषांत नशीब वाचणाऱ्यांनी एवढं सांगावं: तेवढे महिने माणसाचं नशीब कोरं राहतं का?)

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००२ मध्ये या आठ्यांसाठी बोटॉक्सला मान्यता दिली. त्यामागच्या चाचण्यांत ३० व्या दिवशी डॉक्टरांच्या मते ८० टक्के लोकांच्या आठ्या गेल्या होत्या किंवा सौम्य उरल्या होत्या. नुसतं औषधविरहित इंजेक्शन घेतलेल्यांत हाच आकडा ३ टक्के. खुद्द रुग्णांना विचारलं तर ८९ टक्के म्हणाले, बऱ्यापैकी फरक पडला. औषधविरहित गटातलेही ७ टक्के तेच म्हणाले! १२० व्या दिवशी मात्र डॉक्टरांचा आकडा २५ वर आला आणि रुग्णांचा ३९ वर. म्हणजे कुणाला विचारलं, काय विचारलं आणि कधी विचारलं, यावर टक्के ठरतात.

आता माझ्या आवडीचा भाग. डॅनिश गणिती गेओर्ग राश यांनी १९६० मध्ये प्रश्नांच्या उत्तरांवरून माणसाचा गुण मोजण्याचं एक प्रारूप मांडलं. खासबागेतल्या कुस्तीसारखा विचार करा. पैलवानाची ताकद फक्त तो किती कुस्त्या जिंकला यावरून कळत नाही, समोर कोण होता तेही बघावं लागतं. इथे माणसाचं समाधान हा एक पैलवान आणि प्रश्न हा दुसरा. ‘चेहरा सैल असताना बरा दिसतो का?’ हा हलका गडी. त्याला होकार मिळवणं सोपं. ‘भुवया आवळल्यावर बरा दिसतो का?’ हा तगडा. दोघांची ताकद सारखी असेल तर होकाराची शक्यता ५० टक्के. समाधान एका लॉजिटनं वरचढ असेल तर ७३, दोननं असेल तर ८८. लॉजिट म्हणजे होकार आणि नकार यांच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम.

गंमत पुढे आहे. सगळे प्रश्न सारखेच अवघड धरा. दहापैकी पाच होकारांवरून सहावर जायला साधारण ०.४ लॉजिट लागतात, पण आठवरून नऊवर जायला ०.८. गुण एकच वाढला, समाधान मात्र दुप्पट वाढलं! नुसत्या गुणांची बेरीज करणारी प्रश्नावली म्हणूनच खोटी पट्टी ठरते, तिच्यावरचे सेंटिमीटर टोकाकडे ताणलेले असतात. उत्तरं हो-नाही ऐवजी चार पायऱ्यांची असली, तर दर दोन पायऱ्यांमधला उंबरठा वेगळा काढावा लागतो. ते गणित १९७८ मध्ये डेव्हिड आंद्रिच यांनी बसवलं. इथे डोकं गरगरलं तरी हरकत नाही, पुढचं वाचा.

चेहऱ्याबद्दलचं समाधान विचारणारी फेस-क्यू ही प्रश्नावली याच तत्त्वावर घडवलेली आहे. ‘फार असमाधानी’पासून ‘फार समाधानी’पर्यंत चार पर्याय, मधला ‘ठीक आहे’ नाहीच. उत्तरांवरून ० ते १०० असा गुण निघतो. ‘आपण किती वर्षांनी तरुण किंवा थोराड दिसतो’ हेही त्यात विचारलं जातं.

पट्टी चांगली असली तरी ती धरणारा हात बघावा लागतो. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनीच समोर बसून विचारलं, तर आपल्याकडचा माणूस “लई भारी झालंय” म्हणून मोकळा होतो. म्हणून फॉर्म स्वतःच्या हातानं, निनावी भरलेला बरा. तोही दोनदा: इंजेक्शनाआधी आणि नंतर. आधीचा गुणच नसेल तर वाढ कशातून काढणार? शिवाय नाराज माणूस बहुधा पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. फक्त परत आलेल्यांना विचारलं, तर शंभर टक्के गाठायला फारसे कष्ट पडत नाहीत.